खाटल्यावरी

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आमची आजी अहमदनगरची, जन्माने ख्रिस्ती, पण लोळत पडलेल्या नातवंडाला झोडपायला तिला हीच म्हण लागायची. त्यातल्या हरीला तिने कधी बदललं नाही.

हल्ली पहाटे ही म्हण डोक्यात शिरते ती निघत नाही. म्हणीतला माणूस आळशी, हे आपण धरूनच चालतो. पण खाटेवर काय फक्त आळशीच असतात? बाळंतीण असते, तापकरी असतो. धाकट्याचा पाय पोटावर आणि थोरलीचा हात गळ्यात, त्यामुळे कूसही बदलता येत नाही अशी बाई असते. शाळेची व्हॅन यायच्या आधी देवासाठी तिच्याकडे जो काही वेळ असतो तो तिथलाच. एकदा उठलं की कुकर, डबे, हरवलेला मोजा. हरीला द्यायचंच असेल तर खाटल्यावर देण्यावाचून त्याला तरी दुसरी सोय कुठे आहे?

आमच्या मंडळीत मात्र भर उठण्यावर असतो. पहाटे उठा, दार लावा, शास्त्र उघडा. आधार मार्कच्या पहिल्या अध्यायाचा: अजून अंधार असताना येशू उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. तेवढंच वाचून पुस्तक मिटायचं, तर माझी नजर जरा वर सरकली. आदल्याच दिवशी कफर्णहूमात शिमोनाची सासू तापाने पडली होती. येशूने हात धरून तिला उठवलं, ताप गेला आणि ती सगळ्यांची सेवा करू लागली. सेवा म्हणजे वाढपच असणार, दुसरं काय! संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं, म्हणजे तोही राबता तिच्याच उंबऱ्यावर. पहाटे येशू निघून गेला, शिमोन आणि सोबती त्याला शोधत गेले. सासूबाई किती वाजता उठल्या, हे मार्क सांगत नाही. त्यांना जे मिळालं ते अंथरुणावर पडल्यापडल्या मिळालं, एवढं तरी नक्की. आजी असती तर तिला हे दाखवलं असतं. ती म्हणाली असती, ताप उतरल्यावर ती उठली ना? मग तूही ऊठ.

इथे रायपुरात राहून ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक मिशनरी भेटला. त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. 1895च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव इथून 70 किलोमीटरच्या आसपास. त्याच मार्गावरून माझा नवरा रोज भिलाईला जातो आणि त्याला टेकायला जागा मिळाली तरी तो दिवस चांगला म्हणायचा. टिळकांना निवांत डबा मिळाला, पुस्तक मिळालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्या डब्यात नव्हत्या.

त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, नवऱ्यापासून काही वर्षं वेगळं राहिल्यानंतर. जातपात देवाने केली की माणसांनी, या प्रश्नाशी त्या झगडल्या, आणि तो प्रश्न त्यांच्यापुढे आला तो कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं या रोजच्या कटकटीतून. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना घर सदा भरलेलं दिसतं: पाहुणे, पोसलेली मुलं, रुसवे, आणि हातातला पैसा कुणालाही देऊन मोकळे होणारे टिळक. त्यात लक्ष्मीबाईंचा असा स्वतःचा तास मला सापडला नाही. 1919मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते या जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईंनी पुरं केलं. कधी बसून लिहिलं असेल? अर्थात तोवर मुलं मोठी झाली होती. इथे माझी बाजू लंगडी पडते.

आणखीही एका ठिकाणी पडते. मे महिन्यात रविवारी उपासनेहून आल्यावर कूलर लावला की त्याच्या घरघरीत मुलं आणि त्यांचा बाप गाढ झोपतात. तो तास माझाच असतो, आणि त्या तासात देवाशी बोलावं असं मला काही म्हणजे काही सुचत नाही. सुचतं ते सोमवारी भेंडी चिरताना. अर्धवट, मधेच तुटणारं, बहुधा कुणाच्या खोकल्याबद्दल नाहीतर फीच्या हप्त्याबद्दल. याला प्रार्थना म्हणावं का? की वेळ नाही ही तक्रारच मला सोयीची झाली आहे आणि वेळ मिळाला की तिची पंचाईत होते? आजीजवळ यालाही म्हण होती: मनी नाही भाव, देवा मला पाव. त्या म्हणीमागे लागायची माझी हिंमत नाही.

तरी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. पहाटेच्या एकांताचा उपदेश करून झाला की आठवड्यातून एखादा तास कुणाची तरी मुलं सांभाळायला न्या. आमची दोन आहेत, धाकटा जरा चावरा आहे. त्या तासात मी प्रार्थनाच करीन, अशी हमी मात्र देत नाही.