दऱ्या, दर्या आणि काकांची भिशी

मराठीत 'र' जोडायच्या तऱ्हा चार. 'सूर्य'मधला डोक्यावरचा रफार, 'चक्र'मधली पोटातली तिरकी रेघ, 'राष्ट्र'मधली पायाखालची टोपी, आणि 'तऱ्हा'मधली ती आडवी, पापणीच्या केसासारखी चंद्रकोर. पहिल्या तीन हिंदीतही आहेत. चौथी हिंदीत नाही. शाळेत बाईंनी 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, एवढं घोकून घेतलं होतं. लग्नघरात 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत किती फरक पडतो ते तुम्हाला सांगायला नको. या चंद्रकोरीने गेल्या वर्षी हुबळीत आमच्या काकांची झोप उडवली होती.

मी हुबळीतच बी.ई. केलं, आता बेंगळुरूला डेटाबेसचं काम करतो. म्हणजे काय, हे घरी कुणालाच नीट कळलेलं नाही, तेव्हा काकांच्या दुकानाचंच उदाहरण देतो. गल्ल्यावर काका बसतात. गिऱ्हाईक 'निळ्या काठाची इरकल दाखवा' म्हणतं, काका ते ऐकून वर माळ्याकडे हाक मारतात, आणि माळ्यावरचा गडी बरोबर तो गठ्ठा काढून खाली टाकतो. प्रश्न समजून घेणारा वेगळा, माल ठेवणारा-काढणारा वेगळा. डेटाबेसमध्ये या माळ्यावरच्या गड्याला स्टोरेज इंजिन म्हणतात. मायएसक्यूएल आणि त्याचा भाऊ मारियाडीबी यांची खासियत अशी की तिथे गडी बदलता येतो. एका तक्त्याला इनोडीबी, दुसऱ्याला आणखी कुणी. (ही दोन्ही नावं कर्त्याच्या मुलींवरून आहेत. थोरली मी म्हणजे 'माय', धाकटी मारिया. आपल्याकडे दुकानाला मुलीचं नाव देतात तसंच.)

तर कोप्पीकर रोडवरचं काकांचं कापडाचं लहानसं दुकान. दिवाळीत दुर्गदबैलपर्यंत माणसांची रांग लागायची तेव्हा त्यातली थोडी आमच्याही पायरीवर चढायची. काकांची भिशी प्रसिद्ध होती. महिन्याला शंभर-दोनशे द्यायचे, लागेल तेव्हा कापड न्यायचं. वही काका मराठीत ठेवत. काही वर्षांपूर्वी वही कॉम्प्युटरवर गेली. ओळखीच्या एका मुलाने प्रोग्रॅम लिहून दिला, वहिनीने नावं भरली. मुलगा पुढे नोकरीला लांब निघून गेला. प्रोग्रॅम चालत राहिला, पण त्याचा मूळ कोड आमच्याकडे कधीच नव्हता. खात्याला नंबर नव्हता, सगळं नावावर. तो हट्ट काकांचा. 'माणसाला नंबर कशाला, कैदी आहे का?'

गुडघे आणि भाडं, दोन्ही झेपेनात म्हणून काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत प्रत्येकाचे पैसे परत. मी आठवड्याची रजा काढून मदतीला गेलो होतो, त्यात या आजी आल्या. त्यांचं खरं आडनाव लिहीत नाही, कुऱ्हाडे धरू. नातीच्या लग्नाच्या साड्यांसाठी तीन वर्षं महिन्याला दोनशे भरत होत्या. हिशेब सरळ, ७,२०० रुपये. पडद्यावर २,८०० दिसत होते. त्यांचं कार्ड घर बदलताना हरवलेलं.

चुलतभाऊ म्हणाला, 'बाबा, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?' काका म्हणाले, 'मग मी काय त्यांना खोटं म्हणू?' दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. आजी तोंडाला पदर लावून उठल्या. 'आतु बिडरी सावकार,' एवढंच म्हणाल्या, म्हणजे 'असू द्या, सोडा.' त्यानंतर काका जेवले नाहीत.

रात्री मी माळ्यावरचा डबा उघडला. आश्चर्य म्हणजे त्या मुलाने गडी म्हणून मुरुंगा बसवला होता. हे जपानी इंजिन आहे. जपानी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून मजकुराचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे करून त्यांची सूची ठेवायची, अशी त्याची एक पद्धत. अर्धवट आठवणारं नाव शोधायला उत्तम. (बेंगळुरूला आमच्या तमिळ शेजारणीला हे नाव सांगितलं तर ती म्हणाली, 'शेवग्याच्या शेंगांचं काय?')

नाव शोधलं, १४ महिने आले. तेच नाव माझ्या फोनवरून टाइप केलं, २२ महिने आले. चौदा नि बावीस छत्तीस. दोन्ही नावं पडद्यावर एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी, पण आतून वेगळी.

झालं होतं असं. युनिकोडमध्ये ही चंद्रकोर दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. वहिनीने सुरुवातीला दुकानातल्या कीबोर्डवर नावं भरली, नंतर फोनवर. दोन्हींत दिसतं ते 'कुऱ्हाडे'च, पण गड्याच्या लेखी ही दोन माणसं. युनिकोडची नेहमीची एकरूप करण्याची पद्धत लावली तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. मुद्दाम सांगावं लागतं. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात 'ऱ'समोर लिहिलंय की हे अक्षर द्राविडी भाषांतला एक 'र' लिहिण्यासाठी. हळेगन्नडमध्येही तसं एक जादा 'र'चं अक्षर होतं, ते आता वापरातून गेलं. कन्नड गावातल्या मराठी वहीत हेच अक्षर अडावं, याचं मला हसू आलं. काकांना ते सांगायची ती वेळ नव्हती.

भावाने सुचवलं, तुलना सैल कर, म्हणजे या चिन्हांकडे लक्षच द्यायचं नाही. तसं करता येतं. पण मग दर्या आणि दऱ्याही एक होतात. गाणं शोधायला ते चालेल. पैशाच्या वहीत दोन निराळ्या माणसांची खाती एक झाली तर ते आजींच्या प्रकरणापेक्षा वाईट. मला नेमका एकच नियम हवा होता: जोडचिन्हाचं रूप आलं की 'ऱ'चं कर, बाकी कशाला हात लावू नको. प्रोग्रॅमचा कोड नसल्यामुळे तो नियम इंजिनातच घालणं भाग होतं. नव्या आवृत्तीत असे स्वतःचे बदल-तक्ते देता येतात, सर्व्हरबरोबर आलेल्या जुन्या प्रतीत नाही.

मग नवीन इंजिन मूळ कोडवरून बांधायला घेतलं, आणि तिथे खरा वेळ गेला. बांधणी मध्येच अडायची, नाहीतर पुरी होऊनही जुनंच चालायचं. एका वाड्यात एकाच नावाचे दोन पाटील असले की पोस्टमन पहिल्या दारातच पत्र टाकतो, तसं. सर्व्हर स्वतःचा मुरुंगा घेऊन येतो, मी दुसरा आणलेला. दोघांची लायब्ररी एकाच नावाची. कुठला जोडला जातोय हे प्रत्येक वेळी उकरून बघावं लागायचं. शेवटी सर्व्हर बांधतानाच 'तुझा तू आणू नकोस' असं सांगितलं, जुन्या फायली पुसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकदा लाईट गेली. चुलतबहिणीने गिरमिट आणि मिरची भजी आणून दिली, ती खात लॅपटॉपच्या बॅटरीवर बसलो.

पहाटे चाललं. आधी 'दर्या' शोधला, 'दऱ्या' आलं नाही. मग 'दऱ्या' दोन्ही प्रकारे टाइप केलं, दोन्हींना तेच उत्तर. मग नक्कल काढून ठेवली आणि साठवलेली नावंही एका रूपात आणली, सूची नव्याने बांधली. आजींच्या नावापुढे ७,२०० आले. वऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे अशी आडनावं असलेली आणखी आठ खाती तशीच दुभंगलेली निघाली. त्यांतल्या तिघांना काकांनी आधीच अर्धे पैसे देऊन मोकळं केलं होतं, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतले होते.

सकाळी काका रिक्षा करून स्वतः आजींच्या घरी गेले. मला म्हणाले, 'तू येऊ नको, तू आलास तर कॉम्प्युटरचं बोलत बसशील.' दोन तासांनी आजी आणि नात दोघी दुकानात बसून साड्या उलगडत होत्या. नातीला इरकल नको होती, आजींना तीच हवी होती. काकांनी दोन्ही बांधून दिल्या आणि वरच्या फरकाचे पैसे घेतले नाहीत.

दुकान दिवाळीनंतर बंद झालं. त्या नऊपैकी सात जणांचे पैसे पोचले. दोन घरांनी गाव सोडलंय. त्यांची नावं लिहिलेली दोन पाकिटं काकांच्या कपाटात आहेत. परवा फोनवर काका विचारत होते, 'अरे, हे लोक तुमच्या बेंगळुरूकडे असतील का रे?' यादी मी मागवून घेतली आहे.