युरियाची साक्ष

प्रथिनांवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत युरियाची बरणी असते. शेतात पोत्याने जातो तोच हा पदार्थ, फक्त अधिक शुद्ध. लिटरभर द्रावणात ४८० ग्रॅम युरिया विरघळवला की पात्र हाताला गार लागतं, कारण विरघळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. अशा द्रावणात एखादं एन्झाइम सोडलं, तर बहुतेक वेळा त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीची घडी उलगडते आणि त्याचं काम थांबतं. साखळी तुटलेली नसते, एकही अमिनो आम्ल गळालेलं नसतं. बदललेलं असतं ते फक्त भोवतालचं पाणी.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पाणी एका प्रकरणात असतं, प्रथिनं दुसऱ्या आणि एन्झाइम तिसऱ्या. पाण्याचं प्रकरण सगळ्यात लहान, आणि ते संपलं की पाणी पुन्हा भेटत नाही. मला ही मांडणी मनापासून खटकते. प्रथिनाला आकार देण्यात पाण्याचा हात असतो आणि एन्झाइमच्या कामातही तो असतो. याची सर्वांत चांगली साक्ष युरिया देतो.

क्रिस्टियन अ‍ॅन्फिन्सन यांनी अमेरिकेत बेथेस्डा इथे केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सावकाश सांगतो. गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं छोटं एन्झाइम. त्यात गंधकाचे आठ अणू जोडीजोडीने बांधलेले असतात, म्हणजे चार गाठी. अ‍ॅन्फिन्सन यांनी ते युरियात उलगडलं आणि गाठीही सोडवल्या. मग युरिया काढून टाकला, गाठी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा बसू दिल्या, आणि एन्झाइम जवळजवळ पूर्ववत काम करू लागलं. कुणी साचा दिला नव्हता. आकाराची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच होती. १९७२ च्या नोबेलचं मूळ या कामात आहे.

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो या प्रयोगाचा दुसरा भाग. युरिया तसाच ठेवून गाठी बसू दिल्या, तर एन्झाइमची क्षमता जेमतेम एक टक्का उरली. आठ अणूंच्या चार जोड्या १०५ प्रकारे लावता येतात. त्यांपैकी बरोबर प्रकार एकच, आणि युरियात तो जवळपास योगायोगानेच साधत होता. म्हणजे क्रम तोच, साखळी तीच, तरी आकार सापडेना. क्रमातला मजकूर वाचला जातो तो पाण्यात. पाठ्यपुस्तकं या प्रयोगाचा पहिला निष्कर्ष ठळक छापतात, हा दुसरा अनेकदा गाळतात.

पाणी हे कसं करतं? पाण्याचा प्रत्येक रेणू शेजाऱ्यांशी चार हायड्रोजन बंध जोडू शकतो, आणि ते सतत तुटत-जुळत असतात. साखळीतले तेलकट स्वभावाचे भाग या देवघेवीत सामील होऊ शकत नाहीत. त्यांच्याभोवतीच्या रेणूंना एकमेकांशी बंध टिकवण्यासाठी ठरावीक रचनेत राहावं लागतं, त्यांची मोकळीक कमी होते. तेलकट भाग आत, एकमेकांजवळ गेले की ही अडवलेली मोकळीक परत मिळते. घडीमागचा हा जोर वॉल्टर काउझमन यांनी १९५९ मध्ये नेमका मांडला. युरिया या व्यवस्थेत घुसतो, साखळीच्या कण्याशी स्वतः बंध जोडतो, तेलकट भागांनाही चालतो. मग साखळीला आत मिटून राहण्याची निकड उरत नाही.

आता याच युरियाची दुसरी बाजू पाहू. पाण्यात तो किती टिकतो? एन्झाइम नसेल, तर साध्या तापमानाला त्यातला निम्मा मोडायला काही दशकं लागतात. तोही मोडतो तो स्वतःच फुटून. भोवती पाण्याचे अगणित रेणू असूनही त्यांचा हल्ला यशस्वी होत नाही. युरिएज हे एन्झाइम मात्र निकेलच्या दोन अणूंमध्ये पाण्याचा रेणू असा धरतं, की त्यातला एक प्रोटॉन निसटतो आणि उरलेला भाग थेट युरियाच्या कार्बनवर जातो. अमोनिया सुटतो. वेगातला फरक शंभर लाख कोटी पट किंवा त्याहूनही अधिक मानला जातो.

एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे याच युरिएजने दाखवून दिलं. कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला. एका हाताने प्रयोग करत १९१७ पासून ते जॅक बीनच्या पिठामागे लागले होते. जॅक बीन ही आपल्या अबईची जवळची नातलग. १९२६ मध्ये अ‍ॅसिटोन मिसळलेल्या पाण्यातून त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले. एन्झाइम हे प्रथिन असतं, हे रिशार्ट विल्श्टेटर यांच्यासारख्या दिग्गजांनी मानलं नाही. अखेर १९४६ मध्ये समनर यांना नोबेल मिळालं. त्या जॅक बीन युरिएजची अणुपातळीवरची रचना २०१० मध्ये प्रसिद्ध केली ती मद्रास विद्यापीठातल्या बालसुब्रमणियन आणि पोन्नुराज यांनी, जी. एन. रामचंद्रन यांनी घडवलेल्या विभागातून. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी.

कोकणातल्या वाचकांच्या मनात एव्हाना मोरी, म्हणजे शार्क मासा, आली असेल. शार्कच्या रक्तात युरिया आपल्या पन्नास पटींहून अधिक असतो. खाऱ्या समुद्राने अंगातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून तो साठवलेला असतो. मग शार्कची स्वतःची प्रथिनं उलगडत का नाहीत? कारण दर दोन भाग युरियामागे साधारण एक भाग ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड तो बाळगतो. हा रेणू प्रथिनाच्या कण्यापासून दूर राहतो, आणि त्यामुळे साखळी मिटून राहणंच सोयीचं ठरतं. पॉल यान्सी आणि जॉर्ज सोमेरो यांनी हे प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. शिळ्या मोरीला नाकात जाणारा दर्प येतो तो जिवाणूंच्या युरिएजने युरियापासून केलेल्या अमोनियाचा.

शेतातही हेच घडतं. ओलाव्यावर उघडा टाकलेला युरिया मातीतल्या युरिएजमुळे मोडतो आणि अमोनिया होऊन हवेत जातो. म्हणून खत मातीआड करा किंवा टाकल्यावर लगेच पाणी द्या.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सोयाबीनमध्ये युरिएज असतं, आणि लातूरपासून अमरावतीपर्यंत सोयाबीन कुठेही मिळतं. मूठभर कच्चे दाणे भिजवून वाटा, मूठभर चांगले उकडून वाटा. दोन्हींत पाणी आणि चमचाभर युरिया घाला, हळदीने रंगवलेली कागदाची पट्टी बुडवा आणि थोडा वेळ थांबा. प्रयोगानंतर हात धुवायला लावा. कच्च्या दाण्यांच्या भांड्यातली पट्टी सुटलेल्या अमोनियामुळे तांबूस होते. उकडलेल्यांतली पिवळीच राहते.