कुंपणावरचा हरण्या

श्रावणातलं ढगाळ, दमट आभाळ पाहिलं की तापीकाठच्या आमच्या बुऱ्हाणपुरी केळीपट्ट्यात हरण्याची धास्ती वाटते. हरण्या हा केळीचा रोग; तो ज्यामुळे होतो तो सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू 1916 मध्ये अमेरिकेत काकडीवर प्रथम नोंदला गेला. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडतो. मावा ही कीड हा विषाणू पसरवते. त्याला आसरा मिळतो कुंपणावरच्या तणांत, काकडी-दोडक्याच्या वेलांत. कुंपणच शेत खातं, ते असं.

विषाणूवर औषध नाही. म्हणून आज मन घट्ट करून फुलावर आलेले वेल काढले, तण उपटलं, रोगट रोपं मुळासकट लांब नेऊन गाडली. जीव हळहळला, पण बाग वाचवायची तर हे करावंच लागतं. मावा कुणाचा बांध ओळखत नाही. शेजाऱ्यांनो, आपापली कुंपणं एकाच वेळी साफ करू या.