जोड

मागच्या महिन्यात सलग तीन सुट्ट्या आल्या म्हणून गावी गेलो होतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, उजाडता उजाडता जिंतूर, स्टँडसमोर चहा आणि मग ताईचं घर. चपला काढतोय तोवर भाचीने हातात एक कागद ठेवला. शालेय कुस्ती स्पर्धा, तालुकास्तर, १७ वर्षांखालील मुली, ४६ किलो, प्रथम क्रमांक!

मी आपला शहरी मामा. लगेच "वा वा, पार्टी पाहिजे" वगैरे सुरू केलं. बाईसाहेब थंड.

"मामा, कुस्ती झालीच न्हाई. ४६ ला मी एकटीच होते. वजन केलं, नाव लिहिलं, एक नंबर."

"आणि जिल्ह्याला?"

"तिथं झाली की. चाळीस सेकंद."

कोण जिंकलं ते मी विचारलं नाही.

आता हा प्रकार ऐकून मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर विचार केला. आमच्या ऑफिसात एखादा कोड एकाही युजरने वापरला नाही तर त्यात बग सापडत नाही. म्हणून तो कोड उत्तम असं आम्हीसुद्धा म्हणत नाही (म्हणजे अप्रेझलच्या वेळी म्हणतो, पण ते सोडा). पोरीची अडचण नेमकी हीच होती. वर्षभर जोर-बैठका मारून तिला कळलंच नव्हतं की आपल्याला कुस्ती येते की नाही.

कुस्तीत एक सुंदर शब्द आहे, जोड. तुमच्या वजनाचा, ताकदीचा, तुमच्याशी लढू शकेल असा समोरचा पैलवान म्हणजे तुमची जोड. जत्रेत पंच जोडी लावतात ते हेच. दाजी तरुणपणी जत्रा-जत्रांत खेळलेले. ते म्हणतात, वस्ताद डाव शिकवतो, पण पैलवान घडवते ती जोड. रोज तुमचा पट काढणारं कोणी असेल तरच तुम्ही पट सोडवायला शिकता. पुस्तक वाचून ते येत नाही.

मुलांना ही जोड तालमीत फुकट मिळते. संध्याकाळी जाऊन लंगोट लावला की दहाजण समोर. मुलींचं तसं नाही. भाचीला घेऊन दाजी एका तालमीत गेले होते. वस्ताद चांगला माणूस, चहा पाजला, आणि म्हणाला, "पोरगी गुणाची हाय, पण हौद्यात मारुती हाय ना." झालं. मारुतीने स्वतः काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

लहान होती तोवर चुलतभावाबरोबर खेळायची. 'दंगल' सिनेमात गीता पोरांशी लढते ना, तसंच. पण त्या पोराला आता मिशी फुटलीय. तो लाजतो. हरलो तर पोरं हसतील आणि जिंकलो तर काय जिंकलो, असा त्याचा हिशेब. त्यामुळे सध्या शेडमध्ये चार जुन्या गाद्या, वर ताणून बांधलेली ताडपत्री, आणि समोर पंचेचाळिशीचे, गुडघे गेलेले दाजी. १७ वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. दाजींची पहिल्याच मिनिटात दमछाक होते. :)

तसं बघायला गेलं तर जोड मिळत नाही ही रड जुनीच आहे. हमीदा बानू नावाची एक पैलवान होऊन गेली. १९५४ साली बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. बाई पुरुषांशीच का लढायची? कारण तिच्या तोडीच्या बाया आणायच्या कुठून! आणि कोल्हापुरात, जिथे आपण कुस्तीची पंढरी म्हणतो तिथे, तिने एका पुरुषाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले होते. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आली ती थेट २००४ ला, अथेन्समध्ये. पुरुषांची पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आमच्याच मराठवाड्यात झाली. बायकांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. मध्ये ६२ वर्षं! तिथे प्रतीक्षा बागडी जिंकली, कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून. भाचीच्या भिंतीवर प्रतीक्षाचा फोटो आहे. मी तिला म्हटलं, वैष्णवीचाही लाव. ती नसती तर फायनल कुणाशी झाली असती?

यावर पोरगी बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर खरा विषय निघाला. बाहेर कुठेतरी, चांगली गादी आणि दहा-वीस मुली सराव करतात अशा ठिकाणी राहायला पाठवायचं का? दाजी तयार. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती वगैरे त्यांच्या डोक्यात. ताई नाही म्हणते. ताईला अडाणी समजू नका. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर साक्षी मलिक, विनेश फोगाट बसल्या होत्या ते तिने टीव्हीवर पाहिलंय. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. "ऑलिंपिकचं मेडल आणलेल्या पोरीला रस्त्यावर बसावं लागलं," ताई म्हणाली, "माझ्या लेकराचं कोण ऐकंल?" मग माझ्याकडे वळून, "तू शिकलेला हायीस, तू सांग."

मी काय सांगणार कप्पाळ. मीटिंगमध्ये ठोकून देतो तसं "दोन्ही बाजू आहेत" म्हणालो. भाचीने माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

सकाळी निघताना बघतो तर शेडमध्ये अजून एक मुलगी. भाचीच्या वर्गातली, उंच, दणकट, केस घट्ट बांधलेले. भाची तिला एकेरी पट शिकवत होती. खाली वाकून पाय कसा धरायचा, खांदा कुठे लावायचा. तिसऱ्या वेळेला त्या मुलीने खरंच भाचीला ताडपत्रीवर आपटलं.

"ही कोण?"

"माझी जोड," भाची धुळीने भरलेले कोपर झटकत म्हणाली. "पण ती ४९ ला हाय. मी खाऊन-पिऊन ४९ ला जाणार. पुढल्या वर्षी तालुक्याला दोघी लढायलोत."

दाजी कपाळाला हात लावून उभे. "अगं, ४६ ला बसल्या जागी नंबर मिळतोय, अन् तू आपल्याच हातानं समोर पैलवान उभी करायलीस! ती जिंकली मंग?"

"मंग ती जिल्ह्याला जाईल."

ताई आतून बाहेर आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर तिने माझ्या हातात डबा दिला, दशम्या आणि ठेचा, आणि दाजींना म्हणाली, "उद्यापासून दूध दोन लिटर जास्त सांगा. त्या पोरीच्या घरी म्हैस न्हाई."