मधलं नाव

तुम्हाला आठवतो का हो वेखंडाचा वास? सहाणेवर उगाळलेलं वेखंड, शेगडीत टाकलेल्या ओव्याची धुरी आणि नुकत्या न्हालेल्या बाळाचं ओलसर जावळ, हे सगळं एकात एक मिसळून आमच्या वाईच्या घरातल्या माजघरात दुपारभर रेंगाळायचं. माझा धाकटा भाऊ माझ्यापाशी राहिला तो एवढ्या वासापुरताच. पुढे त्याच्या अंगाला सांगलीच्या हळदपेठेचा, थोरल्या काकांच्या अडत दुकानातला उग्र, उबदार वास लागला. सुट्टीत तो आमच्याकडे आला, की आई त्याचे सदरे धुवायला टाकण्याआधी झटकत उभी राहायची, झटकायचं काही उरलं नसलं तरी.

1974 सालच्या श्रावणात त्याला काकांना दत्तक दिलं. काकूंची कूस उजवली नव्हती आणि आजी अंथरुणाला खिळलेली होती. घरात सगळी बोलणी इतक्या हळू आवाजात झाली, की मला ती भांड्यांच्या आवाजांच्या मधेमधेच ऐकू आली. वाईट कुणीच नव्हतं, हे मी आजही मनापासून म्हणते. होमाचा तुपकट धूर डोळ्यांत जात होता. 1956 च्या कायद्याला होमाची गरज नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं जाणं मात्र त्याला हवंच असतं. वडील हयात असले की देण्याचा हक्क त्यांचा, आईची फक्त संमती विचारायची, असं तेव्हाचं कलम. ते बदलायला 2010 उजाडलं. आईनं संमती दिली. आणि भटजींचे मंत्र चालू असताना, त्याला कडेवरून उतरवून काकूंच्या ओटीत घालता घालता ती पुटपुटत राहिली, की तो उजव्या कुशीवर निजतो, गुटीत जायफळाचे दोनच वेढे द्या, मुरुडशेंगेचे चार, दिवेलागणीला रडला तर बाहेर अंगणात न्या. काकू मान डोलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईच्या नाही.

मग दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दत्तकपत्र झालं. आडनाव तेच राहिलं, गोत्र तेच, कुलदैवत तेच. फक्त मधलं नाव बदललं, बाबांच्या जागी काकांचं आलं. कायदा म्हणतो, दत्तक झाल्या दिवसापासून जन्मघराशी असलेली सगळी नाती तुटतात, आणि एकदा रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही, देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही, मोठं झाल्यावर त्या मुलालाही नाही. एक गोष्ट मात्र कायदा विसरत नाही: जन्मघरात राहिला असता तर ज्या मुलीशी त्याला लग्न करता आलं नसतं, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. ते कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं सगळं पुसताना कुणीतरी तेवढी एक रेघ राहू दिली होती.

आमच्या घाटावरून वाहणारी कृष्णाच पुढे कऱ्हाडावरून सांगलीला जाते. आई कपडे पिळून झाल्यावरही पायरीवर बसायची, पाय पाण्यात सोडून. मी शेजारी ओल्या पातळांच्या वासात कंटाळून जायची आणि घरी चल म्हणून तिचा हात ओढायची. पत्रात ती त्याच्याबद्दल विचारायची ते शेवटच्या ओळीत, काकांच्या दम्याची आणि पावसापाण्याची चौकशी झाल्यावर. पाचेक वर्षांचा असताना एकदा तापात तो तिला ‘आई’ म्हणाला. तिनं त्याच्या कपाळावरची मिठाच्या पाण्याची घडी बदलली आणि म्हणाली, ‘काकू म्हण, राजा.’ ही गोष्ट तिनं काकूंना कधी कळू दिली नाही. सांगलीच्या घरात तो मायेनं वाढला, शिकला, दुकानात बसला, आणि भाऊबीजेला मला ओवाळणी घालत राहिला ती चुलतभाऊ म्हणून.

आई गेल्यावर वारसनोंदीसाठी तो माझ्याबरोबर तलाठ्याकडे आला होता. कागदावर माझं एकटीचं नाव. तलाठ्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहून विचारलं, ‘आपण मयताचे कोण?’

‘पुतण्या,’ तो म्हणाला, अगदी स्पष्ट, तिनं शिकवलं होतं तसं. आणि साक्षीदाराच्या रकान्यात त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं.