सक्तीचा रकाना

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. आमच्या गावातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो! आजोबा वडिलांना शाळेत घालायला गेले तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आजोबा म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झालाय." रजिस्टरात पोळा लिहिण्याची सोय नव्हती आणि रकाना रिकामा ठेवून चालणार नव्हतं. जून म्हणजे शाळा सुरू होण्याचा महिना. गुरुजींनी १ जून लिहून टाकली. पुढे वडिलांनी सातवीत शाळा सोडली, पण त्या तारखेनं वडिलांना सोडलं नाही. आज त्यांच्या प्रत्येक कागदावर तीच आहे.

ही गोष्ट मी मैत्रिणींना हसत हसत सांगत असे. यंदाच्या उन्हाळी सुट्टीपासून ती सांगताना हसू येत नाही.

सुट्टीत गावी गेले तेव्हा माझा आतेभाऊ, दादा, आमच्या दूध संकलन केंद्रासाठी मोबाईलवरचं एक अ‍ॅप तयार करत होता. कुणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागलं, हे केंद्रावर भरायचं आणि तिथून ते सर्व्हरकडे जायचं. मी कला शाखेची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. 'एपीआय', 'स्कीमा' हे शब्द ऐकून मी गप्पच बसले. दादा म्हणाला, "अगं, एपीआय म्हणजे बँकेतली खिडकी समज. जे काही द्यायचं-घ्यायचं ते खिडकीतून, ठरलेल्या स्लिपवर. आणि स्कीमा म्हणजे त्या स्लिपचा नमुना."

त्या नमुन्यात सगळं लिहून ठेवायचं असतं. लिटर ही संख्या, शून्याहून जास्त. वेळ 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ', तिसरं काही नाही. मोबाईल नंबर म्हणजे १० अंक, त्यातला पहिला ६ ते ९ पैकी. हे लिहिण्याची एक जगभर चालणारी पद्धत आहे. पूर्वी तिला स्वॅगर म्हणत, २०१६ पासून ओपनएपीआय म्हणतात.

खरी गंमत पुढेच आहे. आलेली माहिती दोन ठिकाणी तपासावी लागते. मोबाईलवर, म्हणजे भरणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळते; आणि सर्व्हरवर, कारण खिडकीतून येणाऱ्या कुठल्याही स्लिपवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. एकीकडची भाषा जावास्क्रिप्ट, दुसरीकडची पायथन. ही तपासणी हातानं लिहिली तर एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी राहून जातो. म्हणून दादा ती लिहीतच नव्हता. त्यानं एक आज्ञा दिली की संगणक स्कीमा वाचे आणि तपासणीचा कोड दोन्ही भाषांत तयार करून ठेवी. फाईलच्या माथ्यावर सूचना असे, की ही फाईल आपोआप तयार झाली आहे, तिला हात लावू नये. बदल करायचा तो स्कीमात. मला ते पाहून एखाद्या छापखान्याची आठवण झाली. खिळे एकदा जुळवले, की हव्या तितक्या प्रती!

दादा म्हणाला, "माणसांच्या माहितीचा भाग तू लिही. तू मराठीवाली, आणि गाव तुला माझ्यापेक्षा ठाऊक." मला कोण अभिमान वाटला!

पहिली फजिती नावापाशीच झाली. नावात भलतंसलतं काही येऊ नये म्हणून 'शब्दात चालणारं अक्षर' अशा अर्थाची एक तयार खूण असते, ती मी वापरली. चाचणी घेताना 'कमल' हे नाव सर्व्हरनं घेतलं, 'सुनीता' नाकारलं. मोबाईलनं तर दोघींनाही हाकलून दिलं. दादा तासभर डोकं धरून बसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. जावास्क्रिप्टच्या लेखी ती खूण म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा. पायथनला देवनागरी अक्षरं कळतात, पण काना, वेलांटी, उकार यांना तो अक्षरांत धरत नाही. 'कमल'मध्ये यातलं काहीच नव्हतं, म्हणून ती बिचारी आत गेली. स्कीमात ओळ एकच, पण भाषा दोन आणि निवाडेही दोन! कोड आपोआप तयार झाला म्हणून त्याचा अर्थही आपोआप जुळतो असं नाही, हे त्या दिवशी कळलं. आम्ही ती अट काढली. नाव रिकामं नसावं, एवढंच ठेवलं.

दुसरी चूक मात्र कुठल्याच चाचणीत सापडली नाही.

अ‍ॅप सुरू होऊन आठवडा झाला असेल. आजी एका म्हशीचं दूध रोज केंद्रावर घालते. त्या दिवशी ती रिकामी बरणी घेऊन परतली आणि म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रानं मला पहिल्यांदा न्हाई म्हटलं गं. मग त्या पोरानं कायतरी केलं, तवा घेतलं." मी तशीच केंद्रावर गेले. यादी उघडून पाहिली. आजीच्या नावापुढे मोबाईल नंबर होता. दहा वेळा ९. खाली आणखी सहा बायकांपुढे तोच नंबर. अंक दहा, पहिला अंकही नियमात बसणारा. दोन्हीकडच्या तपासण्या बिनतक्रार पास! आठवड्याच्या दुधाचा हिशेब ज्या नंबरावर जाणार होता, तो सातजणींपैकी एकीचाही नव्हता.

तो रकाना सक्तीचा कुणी केला? मीच. दादानं विचारलंही होतं, "मोबाईल सक्तीचा ठेवायचा?" आणि मी उत्तर दिलं होतं, "हल्ली मोबाईल कुणाकडे नसतो?" ज्या आजीच्या दुधाच्या पैशातून माझी पहिल्या वर्षाची फी भरली गेली, तिच्याकडे मोबाईल नाही, हे मला त्या क्षणी आठवलं नव्हतं. दोन वर्षांत मी गावापासून किती लांब गेले होते!

त्या रात्री दादानं एक गोष्ट सांगितली. स्कीमात मुळात कुठलाच रकाना सक्तीचा नसतो. 'रिक्वायर्ड' नावाची एक यादी असते, तिच्यात आपण ज्याचं नाव घालू तोच सक्तीचा होतो. म्हणजे मुभा आधीपासूनच असते, सक्ती माणूस आणतो. आणि सक्तीनं रकाना भरतो, पण खरा भरेलच असं नाही. १ जूननं तो असाच भरला होता.

यादीतला एक शब्द आम्ही खोडला आणि पुन्हा आज्ञा दिली. क्षणात दोन्हीकडचा कोड नवा झाला. माझी चूक ज्या वेगानं दोन्हीकडे पोचली होती, त्याच वेगानं निघाली. ते सात नंबर मात्र आपोआप निघाले नाहीत. एकेक नोंद उघडून मी ते हातानं पुसले.

गुरुजींचा आता राग येत नाही. त्यांच्याकडे रजिस्टर वरून छापून आलं होतं, रकाना खोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मला होता. उद्या आमच्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या कचेरीत बसून असे नमुने तयार करतील. यंत्र ते निमूटपणे उतरवून घेईल, आणि आपण कुणाला विसरलो ते आपल्याला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी आजीनं विचारलं, "आता घेतंय का गं माझं नाव?"

"घेतंय."

"आन् नंबर?"

"तो रकाना रिकामा ठेवलाय."

"बरं केलंस," बरणी विसळता विसळता आजी म्हणाली, "न्हाई त्याला न्हाई म्हणावं."

(द्वितीय वर्ष कला)