पोटातले भाडेकरू

बुरशीबद्दल आमच्या घरात कुणाचंच मत बरं नाही. श्रावणात लोणच्याच्या बरणीत पांढरं जाळं दिसलं, की घरात सुतक! तरी एक गोष्ट तिच्या बाजूची होती. ती उघड्यावर येते, हवा खाते. हवेवाचून बुरशी जगत नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञही मानत.

आमचा पुतण्या पशुवैद्यकी शिकतो. परवा म्हणाला, "काका, कडबा म्हैस पचवते असं वाटतं ना तुम्हाला? तिच्या एकटीच्यानं काडीही पचायची नाही. आतले भाडेकरू पचवतात."

भाडेकरू म्हटल्यावर आम्ही सावरून बसलो. गाई-म्हशी-मेंढ्यांच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे हवा नसलेली, ३९ अंशांची, कायम ओली खोली. (मुंबईत अशा खोलीला पागडी पडते.) तिथं अगणित जिवाणू राहतात, आणि शेपट्या हलवत पोहणारे काही बारीक जीवही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोकांना ते दिसत होते. पण हवेवाचून राहतात म्हणजे बुरशी नव्हेत, हे ठरलेलं. मग ढकलले आदिजीवांत. साठेक वर्षं बिचारे परक्या आडनावानं नांदले!

१९७५ साली इंग्लंडात केंब्रिजजवळ कॉलिन ऑर्पिन नावाच्या गृहस्थानं मेंढ्यांच्या पोटातले हे पोहणारे मोजले. (एकेकाचा छंद!) मेंढीनं चारा खाल्ला की थोड्याच वेळात त्यांची संख्या भराभर वाढे. एकाचे दोन होऊन इतकी वाढ शक्य नव्हती. मग उलगडा झाला. काडीला बुरशी चिकटलेली असते. ताजा घास आला की ती आपली पोरं सोडते. ती पोहत नवी काडी गाठतात, मुळं रोवतात आणि चिवट धाट उकलतात. मागून जिवाणूंची पंगत बसते.

हे ऐकताना आम्हाला १९७२चा दुष्काळ आठवला. कडबा संपला तेव्हा आजोबांनी गोठ्याच्या छपराचं वाळकं पाचट उपसून गाईपुढे टाकलं. धाकटी बहीण तेव्हा तान्ही. त्या छपराचं रोज वाटीभर दूध व्हायचं, आणि ते तिच्या पोटात जायचं. आजोबांनी श्रेय खंडोबाला दिलं, आजीनं गाईला.

पुतण्याचं म्हणणं, थोडं हळदकुंकू बुरशीलाही हवं होतं. हवं होतं खरं. पण आजीनं गाईच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला असता, तर गाईनं काय केलं असतं, हे त्याच्या पुस्तकात नाही.